भिंतीकडची बाजू

गॅरेज एका गाडीपुरतंच होतं. आर्वो कांगासने गाडी बाहेर बर्फात उभी केली आणि आत कॅम्पर बांधायला घेतला. दोन चाकांवरची लाकडी खोली, दोन माणसं आडवी होतील एवढीच, गाडीमागे जोडून न्यायची. आराखडा त्याच्या बायकोने, हेल्मीने काढला होता, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने. सरोवराला पुरा वळसा घालायचा, असं दोघांचं तीस वर्षं चाललं होतं. आराखड्यातल्या गादीवर तिने लिहून ठेवलं होतं, 'भिंतीकडची बाजू माझी.' ऑक्टोबरात ती गेली. नोव्हेंबरात आर्वोने पहिली फळी कापली.

कॅम्परची तीच बाजू आता गॅरेजच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर होती. तिथे ना धड हात जाई, ना ड्रिल. अशा जागेत काम करायची रीत एकच. एक बाजू पुरी झाली की मोठं दार वर सरकवायचं, कॅम्पर बाहेर ढकलायचा, फिरवायचा आणि पुन्हा आत घ्यायचा. आर्वो ते उद्यावर टाकत होता. बाहेर मांडीभर बर्फ होतं, आणि थंडीत गोंद धरत नव्हता. त्याने मासे धरायच्या झोपडीतला गॅसचा हीटर आणून लावला. दाराखालच्या फटीतून वारा येई, म्हणून तिथे हेल्मीने शिवलेली गोधडी कोंबली.

जानेवारीत भिंतीवरचा अलार्म ओरडायला लागला. इंजिन चालू करून गाडी आत तापत ठेवायची आर्वोची खोड, म्हणून विषारी हवेसाठी हेल्मीनेच तो लावला होता. गाडी तर आता बाहेर होती. आर्वोला वाटलं, सेल संपत आले. त्याने ते काढले. अलार्मला पुरत नसले तरी दिव्याला चार दिवस पुरतील, म्हणून कॅम्परमधल्या छोट्या दिव्यात घातले.

डोकं रोज दुखे. तो गोंदाला बोल लावी आणि तोंडावर मास्क चढवी. घरात आलं की तासाभरात डोकेदुखी उतरे. पण घरात तो फार थांबत नसे, कारण गॅरेजमध्ये दुपारी तीनच्या सुमाराला हेल्मी गुणगुणायची.

पहिल्यांदा त्याला वाटलं, हीटरचा आवाज. मग सूर ओळखू आला. कणीक मळताना ती असंच नाकातल्या नाकात गुणगुणे. आवाज भिंतीकडच्या बाजूने यायचा.

शेजारची डोलोरेस एकदा मांस-बटाटा भरलेली पेस्टी घेऊन बाजूच्या छोट्या दाराशी आली. ते दार अर्धंच उघडे. पुढे कॅम्परचा दांडा आडवा होता.

"आर्वो, जिवंत आहेस ना रे? तोंड काय झालंय तुझं! उकडलेलं बीट बरं दिसतं त्यापेक्षा."

"गोंदाचा वास आहे."

"वास कसला, कोंडलंयस सगळं. अरे, बाप तुझा खाणीत उतरायचा. आधी हवा हुंगायचा, मग पाय टाकायचा. आणि तू? आणि हे अर्धंच करून ठेवलंयस की. त्या बाजूला खिळे कोण मारणार, उंदीर?"

"फिरवीन."

"कधी? मी मेल्यावर? गरम आहे तोवर खाऊन घे. आणि दार उघड जरा."

तो हो म्हणाला. तिने पाठ फिरवल्यावर त्याने छोटं दारही घट्ट लावलं. तीन वाजत आले होते.

त्या दुपारी तो कॅम्परमध्ये आडवा झाला. आपल्या बाजूला, तिची बाजू मोकळी सोडून. हातपाय जड आणि ऊबदार झाले होते. गुणगुण आज अगदी कानाशी होती. थोडं थांबलं तर शब्दही कळतील, असं त्याला वाटलं. तो नुसता दिव्याकडे बघत पडला.

दिवा पांढराशुभ्र जळत होता.

किती दिवस झाले? चार दिवस पुरतील म्हणून घातलेले सेल. मधे तीन रविवार गेले. डोलोरेस तीनदा चर्चला जायचं का विचारून गेली होती. सेल संपलेले नव्हतेच. अलार्म खरं ओरडत होता. विषारी हवा गाडीची नव्हती, हीटरची होती.

हे कळलं तरी तो लगेच उठला नाही. ते नंतर त्याला फार लागलं. तो आणखी थोडा वेळ ऐकत पडून राहिला.

मग तो खाली घरंगळला. पाय उरलेच नव्हते. कोपरांवर सरपटत जाऊन त्याने हीटर बंद केला. छोट्या दाराकडे जायला दांड्याखालून जावं लागे. तो तिथेच अडकला, मागे आला आणि मोठ्या दाराला हात घातला. दार हलेना. उबेने वितळलेलं पाणी गोधडीत मुरलं होतं, आणि गोधडी बाहेरच्या अंगाने गोठून दाराला आणि जमिनीला चिकटली होती. त्याने खिशातला चाकू काढला. हेल्मीने दोन हिवाळे बसून घातलेले टाके त्याने एकेक करून कापले, फाडले. दार वीतभर उचललं. त्याने तोंड त्या फटीत घातलं आणि गाल बर्फावर टेकला.

अंगणातलं बर्फ काढणाऱ्या डोलोरेसला दाराखालून बाहेर आलेला हात दिसला.

"अरे देवा! आर्वो! ए आर्वो, बोल काहीतरी, शिवी दे हवं तर!"

"कॅम्पर," तो म्हणाला, "फिरवायचाय."

दोन दिवसांनी दवाखान्यातून सुटल्यावर तो आधी गॅरेजमध्ये गेला. मोठं दार उघडंच होतं, आत बर्फ उडून आलं होतं. त्याने सेल अलार्ममध्ये परत घातले. अलार्म गप्प राहिला. तीन वाजले. तो साडेतीनपर्यंत उभा राहिला. भिंतीकडच्या बाजूने काही आलं नाही.

त्याने हीटर उचलला आणि डोलोरेसच्या पायरीवर नेऊन ठेवला.

"हा तुझ्याकडे राहू दे."

"मला कशाला? घर तापवायला भट्टी आहे की माझ्याकडे."

"राहू दे. मी मागायला आलो, तर देऊ नकोस."

डोलोरेस हसणार होती. ती हसली नाही. "येशील का मागायला?"

आर्वोने तो तिच्याकडे सरकवला. तिने हीटर आत नेला. दाराची कडी लागल्याचा आवाज येईपर्यंत तो पायरीवर उभा होता.