घरात खायची कमी नाही

भागीरथीबाईंना दवाखान्यांचा वीट आला होता. पहाटे उठायचं, फ्लास्क भरायचा, स्कॅनच्या फिल्मांनी फुगलेली पिशवी काखेत मारायची, चामराजपेटेच्या नाक्यावर ऑटोवाल्याशी मीटरवरून हुज्जत घालायची, आणि मग दिवसभर लोखंडी खुर्चीवर बसून सुनेचं नाव कधी पुकारतात याची वाट बघायची. दोन वर्षं हेच चाललं होतं. मुलगा अनिलकुमार महादेवपुऱ्याच्या कंपनीत होता. त्याच्या रजा कधीच संपल्या होत्या, आणि बिनपगारी रजा घेतली तर दवाखान्याचं बिल कोण भरणार? तेव्हा सगळं येऊन पडलं होतं ते भागीरथीबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

सून मेघाश्री. गुणी पोर, कामाला वाघ, लग्नानंतर चार वर्षं साधं डोकं दुखल्याची तक्रार नाही. मग एक दिवस पोटात अशी कळ आली की स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे छातीशी घेऊन आडवी झाली. उलट्या, छातीत धडधड, शौचाला होईना. चार-आठ दिवसांनी आपोआप बरं वाटलं. महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. एका दवाखान्याने अपेंडिक्स काढलं आणि नंतर सांगितलं की ते चांगलंच होतं. दुसऱ्याने सगळ्या तपासण्या केल्या, सगळ्या स्वच्छ निघाल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनी भागीरथीबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरात काही ताण आहे का?" घरात ताण म्हणजे सासू, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

पहिलं वर्षभर खुद्द भागीरथीबाईंनाही वाटायचं की पोरगी थोडं जास्तच करते. खोटं कशाला बोला? पण एकदा मेघाच्या हातून पाण्याचं साधं भांडं सुटलं. उचलायला गेली तर पुन्हा सुटलं. बोटं मिटतच नव्हती. ती भांड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अक्का, माझे हात माझं ऐकत नाहीत." घरात लहानथोर सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्या दिवसापासून भागीरथीबाईंनी नाटक हा शब्द कुणालाही तोंडातून काढू दिला नाही.

एक प्रश्न मात्र प्रत्येक डॉक्टर विचारायचा. जेवणखाण नीट होतं का? मेघाने तोंड उघडायच्या आत भागीरथीबाई उत्तर द्यायच्या, "घरात खायची कमी नाही हो. पोटभर जेवते." सून वाळली की लोक सासूच्या तोंडाकडे बघतात. या वयात, या गुडघ्यांनी धावपळ करून वर हा ठपका? छे.

आणि डॉक्टरांच्या औषधाने गुण येईना तेव्हा घरी देवाला साकडं घातलेलं होतंच. एकादशी भागीरथीबाई लहानपणापासून करत आल्या होत्या. ती पुण्याकडच्या लोकांसारखी नव्हे, साबुदाण्याची खिचडी चापून उपास म्हणायचा आणि वर शेंगदाण्याचा लाडू. या घरातली एकादशी म्हणजे पाण्याचा थेंब नाही. मेघाचं पोट पहिल्यांदा दुखलं त्याच्या थोडं आधी सासूच्या जोडीने तिनेही एकादशी धरली होती, मूल व्हावं म्हणून. दुखणं वाढलं तसे उपास वाढले. शनिवार धरला. मग गुरुवार एकभुक्त. उपास पार पडायचा, आणि कळ उठायची ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या उपासाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. भागीरथीबाई हात जोडायच्या, की बाबा, निदान उपास तरी मोडू दिला नाहीस.

या खेपेला कळ रविवारी उठली. अनिलने कुणाकुणाला विचारून मल्लेश्वरमकडचा एक मोठा दवाखाना शोधला. तिथे मेघाला दाखल केलं आणि दुसऱ्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. सासूला ती आपली शाळेतली बाई समजून बोलायला लागली. सर्जन म्हणाला, पोट पुन्हा उघडून बघावं लागेल. ही पोर आता आपल्या हाती लागत नाही, असं त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सलाइन लावल्यावर मेघा शुद्धीवर आली. एकादशीच्या दिवशी तिच्यापुढे जेवणाचा ट्रे आला तसा परत गेला. मळमळत असेल, असं सगळ्यांना वाटलं. भागीरथीबाई बाहेर बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

"अम्मा, बरं नाही का?"

फिजिशियन डॉक्टर पद्मावती समोर उभ्या होत्या. पन्नाशीच्या बाई, डोळ्यांखाली काळं, रात्रभर झोप नसावी. बोलणं कन्नडमधून चाललं होतं. त्यांनी आपल्याच फ्लास्कमधली कॉफी झाकणात ओतली आणि पुढे केली.

"नको हो. आज एकादशी. पाणीसुद्धा नाही."

डॉक्टर हसल्या, झाकण परत घेतलं आणि वळल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"आणि तुमची सून?"

"तिचीही असते. दोघी मिळून करतो."

"आज? इथे, आजारात?"

"तिच्या आजारासाठीच तर करतो," भागीरथीबाई म्हणाल्या. एवढं साधं या शिकलेल्या बाईला कळू नये याचं त्यांना नवल वाटलं.

डॉक्टर पद्मावती त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. मग एकेक विचारत गेल्या. कधीपासून, आणखी कुठले वार, शनिवारी काय खाल्लं, त्याआधी दुखलं तेव्हा कुठला उपास झाला होता. पाळी कधी येते. भागीरथीबाई थकलेल्या होत्या, त्यांच्यात फुशारकी मारायचं त्राण नव्हतं. त्यांनी होतं तसं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण स्वतःच्याच तोंडून ते ओळीने ऐकताना त्यांनाही काहीतरी दिसायला लागलं होतं.

डॉक्टर उठून मेघाच्या खोलीत गेल्या. तपासणीला न्यायची म्हणून ठेवलेली आणि सकाळपासून खिडकीत उन्हातच राहिलेली लघवीची बाटली त्यांनी उचलून बघितली. ऊन लागून तिचा रंग कॉफीच्या डिकॉक्शनसारखा गडद झाला होता. त्यांनी नवा नमुना घेतला, उजेड लागू नये म्हणून कागदात गुंडाळून तपासणीला पाठवला, आणि सर्जनला फोन करून सांगितलं की ऑपरेशन नको. निकालाची वाट न बघता त्याच दुपारी ग्लुकोजची बाटली चढवली.

निकाल आला. आजाराचं नाव पॉर्फिरिया. भागीरथीबाईंच्या जिभेला ते कधीच वळलं नाही.

"रक्ताचा लाल रंग शरीर रोज नव्याने बनवतं," डॉक्टर पद्मावतींनी अनिलला आणि त्यांना समोर बसवून सांगितलं. "मेघाश्रीच्या शरीरात ते काम मध्येच अडकतं. हे जन्माचं आहे, कुणाचा दोष नाही. एरवी निभतं. पण पोट रिकामं राहिलं, त्यातून पाळी जवळ असली, की अडकलेलं सगळं साठून नसांना बाधतं. पोट, हात-पाय, डोकं, काहीही. पुढची खेप श्वासावर जाऊ शकते. काही औषधं तिला कधीच चालणार नाहीत, ती मी लिहून देते. आणि उपास बंद. सगळे."

"फळं-दूध घेऊन केला तर?" भागीरथीबाईंनी भाजीवालीशी करतात तशी घासाघीस करून बघितली.

"नाही अम्मा. रोज जेवते तसं. भात, पोळी, वेळच्या वेळी."

परतताना ऑटोत भागीरथीबाई आधी डॉक्टरांवर चिडल्या. इतके मोठमोठे लोक, इतक्या पदव्या, एकालाही 'उपास करता का' एवढं विचारता येऊ नये? मग त्यांना आठवलं की विचारायचे ते. जेवणखाण नीट होतं का. आणि उत्तर कोण द्यायचं तेही आठवलं. पोरीला बरं करायला म्हणून ज्या देवाच्या पाया पडलो, त्याच्या नावाने आपणच तिला दर पंधरवड्याला दुखण्याच्या तोंडी देत होतो. त्यांनी पदर तोंडाला लावला. ऑटोवाल्याने आरशातून बघितलं आणि गाडी हळू केली.

मेघा घरी आली. हातांत हळूहळू जोर येऊ लागला. पंधरवडा उलटला आणि एकादशी आली.

मठातल्या आचार्यांना भागीरथीबाई आदल्या दिवशीच विचारून आल्या होत्या. आजाऱ्याला दोष नाही, ते म्हणाले होते. ज्या घरात एकादशीला कधी चूल पेटली नव्हती तिथे भागीरथीबाईंनी कुकर लावला, सार केलं, तूप कढवलं. पान वाढलं. मेघा पाटावर बसली, पण हात मांडीवरून उचलेना.

आधी अनिलने समजावलं, मग तो रागावला, मग हात टेकून शेजारच्या खोलीत लॅपटॉपपुढे जाऊन बसला. भात निवत चालला.

"मेघा, आचार्यांनी सांगितलंय. पाप नाही लागत."

"पापाचं नाही अक्का." तिचे डोळे भरले होते. "तुम्ही पाण्याच्या थेंबाशिवाय बसणार, माझ्यासाठी, या वयात. आणि मी तुमच्यासमोर भात कालवू? नाही उतरणार घास. तुम्ही उद्या पारणं केलंत की जेवीन."

"उद्यापर्यंत थांबायचं नाही म्हणाल्यात डॉक्टरीणबाई."

"एक दिवसाने काय होतंय?"

पोरगी हट्टाची होती. पाण्याचं भांडं हातातून सुटत होतं तो दिवस भागीरथीबाईंच्या डोळ्यांसमोर आला. त्या उभ्या राहिल्या. गुडघा कटकन वाजला. आत जाऊन त्यांनी दुसरं ताट आणलं, ते मेघाच्या पानासमोर ठेवलं, आणि स्वतःला भात वाढून घेतला.

"अक्का, हे काय?"

भागीरथीबाईंनी ताट पुढे ओढलं. नवरा हणमंतराव गेले त्या आठवड्यात एकादशी आली होती, तीही त्यांनी मोडली नव्हती. अनिल झाला तेव्हा सुईणीने दटावलं होतं, तरी मोडली नव्हती. देवाशी काय ते मागाहून बघू, त्यांनी मनाशी म्हटलं, सारभात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला.

मेघा तोंडावर हात ठेवून रडायला लागली. भागीरथीबाई सावकाश चावत राहिल्या. गिळायला त्यांना वेळ लागला.

"सारात मीठ स्वल्प कमी पडलंय," त्या म्हणाल्या.

मेघाने डोळे पुसले, भात कालवला, एक घास खाल्ला. "नाही अक्का. सरी आहे, बरोबर पडलंय."

"मग जेव. पोटभर जेव," भागीरथीबाई म्हणाल्या आणि तिच्या पानात आणखी भात वाढला. "पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर मला खरं सांगता यायला हवं."