दीड इंच

मिस्त्रीने टेपचं टोक मागच्या उजव्या चाकाच्या मध्यावर टेकवलं, पट्टी मडगार्डच्या कडेपर्यंत ओढली आणि अंगठ्याने दाबून धरली. मग पलीकडे जाऊन डावीकडेही तसंच केलं.

"दीड इंच," तो म्हणाला. "उजवीकडे बसलीय."

"ते मलाही दिसतंय," ती म्हणाली. "अकरा वर्षं दिसतंय."

दोन गॅरेजांत मागच्या स्प्रिंगा बदलून झाल्या होत्या. एकाने शॉकअ‍ॅब्सॉर्बरही नवे घातले. गाडी ढिम्म. मिस्त्री हुज्जत न घालता कामाला लागला. डिकी रिकामी केली, चाकांतली हवा सारखी केली, मागच्या दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल केली. खोट त्यांच्यात असती तर कल डावीकडे जायला हवा होता. तो होता तिथेच राहिला.

ती स्टुलावर बसून बघत होती. गाडी बाबांची. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे आणि रविवारी ही गाडी. अकरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या भावाने मित्रांच्या ऑर्केस्ट्राचे लाउडस्पीकर मागच्या सीटवर कोंबून गावोगाव नेले होते. गाडी कललेली दिसली तशी बाबांनी त्या सगळ्या मित्रांसमोर त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. "तू बसवलीस ही!" बोलण्यावरून बोलणं वाढलं, परीक्षा निघाल्या, नोकरी निघाली. आठवड्याने तो बॅग घेऊन गेला तो गेलाच, थेट परदेशात.

फोन करायचा, पण तिलाच. बाबा जवळ असले की ती मुद्दाम मोठ्याने बोलायची. ते एखाद्या भिंतीवरच्या घड्याळात डोकं घालून बसलेले असत. पण तेवढा वेळ त्यांच्या हातातला चिमटा हलत नसे. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हाही तो आला नाही. "आता कोणासाठी येऊ?" म्हणाला.

"मॅडम, जरा इकडे या."

मिस्त्रीने पुढे, अगदी मधोमध जॅक लावून गाडी उचलली होती. "आता पुढच्या स्प्रिंगांवर काही भार नाही. मागे जाऊन बघा."

ती मागे जाऊन उकिडवी बसली. मग त्याच्या हातातून टेप घेऊन तिने स्वतः मोजलं. उजवीकडे, डावीकडे. सारखं.

"दुखणं पुढे आहे," मिस्त्री म्हणाला. "मागचं मडगार्ड चाकावर खाली उतरतं, म्हणून नजर तिथे जाते. सगळ्यांचीच गेली."

त्याने पुढची चाकं काढली, फडक्याने स्प्रिंगा पुसल्या आणि बॅटरीचा झोत टाकला. "ह्या दोन्ही सारख्या नसतात. ड्रायव्हरकडची जरा उंच असते. तिच्यावर आठचा आकडा, दुसरीवर तीन. इथे उलट्या बसल्यात. नवीन काही लागायचं नाही, अदलाबदल केली की झालं. कोणी बसवल्या?"

"वडिलांनी." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला. "भांडणाच्या आधीच्या महिन्यात."

मिस्त्री स्प्रिंगा सोडवायला वाकला.

ती बाहेर आली आणि तिने भावाला फोन लावला. त्याने उचलताच एका दमात बोलून गेली, "ऐक ना, गाडी तू नव्हती बसवलीस. पुढच्या स्प्रिंगा उलट्या लागल्यात, बाबांकडून. तुझं काही चुकलं नव्हतं रे."

मग तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय?"

"त्या बसवताना बॅटरी मीच धरली होती, ताई. आकडा तीन होता. बाबांनी आठ वाचला. मला वाटलं, घाईत चुकले. म्हणून पुन्हा वाचायला लावला, तर पुन्हा आठच."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? घड्याळं दुरुस्त करायचे ते."

तिने भिंतीला पाठ टेकली. बायकांची ती बारीक, नाजूक घड्याळं तिला आठवली. त्याच वर्षापासून बाबा ती गिऱ्हाइकांना परत करू लागले होते. वेळ नाही म्हणायचे. आणि तिने त्यावर विश्वास ठेवला होता.

आत पान्हा फरशीवर पडल्याचा आवाज झाला.

"येतोस का रे?" तिने विचारलं. अकरा वर्षांत हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तो नाही म्हणेल, या धास्तीने.



"गाडीचं डावं दार," तो म्हणाला, "अजून बाहेरून उघडत नाही का?"

"नाही. आतून ढकलावं लागतं."

"मग ढकल हं आठवणीने. मी विमानतळावर बॅगा घेऊन उभा असेन."