कधीही न फेटाळलेला दावा

मार्लशर काउंटीच्या बुद्धिबळ संघाचे कप्तान लायोनेल बॅगशॉ यांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती गोष्ट जिंकणं ही नव्हती. जिंकण्याशी त्यांचा संबंध सुटून एकोणीस वर्षं झाली होती. अभिमान होता तो त्यांच्या दाव्यांचा.

काउंटीचे सामने शनिवारी दुपारी दोनला सुरू होत आणि सहाच्या ठोक्याला संपत, कारण सहानंतर सभागृह दुसऱ्या कुणाला तरी दिलेलं असे. सहाला जो डाव अर्धवट राही त्याची स्थिती कागदावर काढून लंडनच्या एका पंचाकडे पोस्टाने जाई. दोन्ही कप्तानांनी आपापला दावा लिहायचा, विजयाचा किंवा बरोबरीचा. पंच निवाडा देई, पण मागितल्यापेक्षा जास्त कधीच देत नसे. बावीस वर्षांत बॅगशॉंचा एकही दावा फेटाळला गेला नव्हता. ते हे दर सामन्याला सांगत. न विचारताही सांगत. एकदा तर त्यांनी पेट्रोल भरणाऱ्या माणसालाही सांगितलं होतं.

अशा या संघात १९७७च्या ऑक्टोबरात वेरिटी ऑल्डरटन दाखल झाली. वय सोळा, वेणी एक, आणि शाळेतल्या सगळ्या मुलांना हरवून झाल्यामुळे आता काय करायचं हा प्रश्न. बॅगशॉंनी तिला सोळाव्या पटावर बसवलं, म्हणजे शेवटच्या. सोळाव्या पटावरच्या खेळाडूने चहा करायचा ही मार्लशरची फार जुनी परंपरा असल्याचं तिला सांगण्यात आलं. ही परंपरा त्याच दिवशी दुपारी दीड वाजता सुरू झाली होती, हे तिला जानेवारीत कळलं.

"मग मी वर कधी जाणार?" तिने विचारलं होतं.

बॅगशॉ निवृत्त भूमापक. जगात मोजायचं ते सगळं आपण मोजून ठेवलंय, असा त्यांच्या चालण्यातच भाव होता. त्यांनी तिलाही मोजलं. "सहा सामने आहेत, पोरी. पाच गुण आण. पुढच्या मोसमात वरच्या आठांत बसवतो, आणि चहा सुटला. हा बॅगशॉचा शब्द."

वेरिटीने तो शब्द घरी जाऊन वहीत लिहून ठेवला. खाली संघाची पुढच्या वर्षीची यादी केली आणि सातव्या पटापुढे स्वतःचं नाव लिहून दोनदा अधोरेखित केलं.

मग सुरू झाली गावोगावची सभागृहं. सगळी एकाच आईची लेकरं: जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, कोपऱ्यात रॉकेलचा धुरकट शेगडा, भिंतीवर राणीचा फोटो, आणि ओव्हरकोट न काढता बसलेले बत्तीस पुरुष. बत्तीस नव्हे, एकतीस. अंड्याचे सँडविच, मनुकांचा केक, आणि चहाचं पिंप, जे उकळायला पाऊण तास घेई आणि उकळलं की स्टेशनातल्या इंजिनासारखं फुसफुसे.

समोरचा गडी आधी विचारायचा, "वडील मागून येतायत का?" मग खेळायचा, मग हरायचा, आणि हरल्यावर त्याला काहीतरी झालेलंच असायचं. पहिल्याला सर्दी झाली होती. दुसऱ्याचा चष्मा नवा होता. तिसऱ्याच्या गाडीचा क्लच बिघडला होता आणि त्याचं लक्ष तिथेच होतं. चौथा प्रामाणिक निघाला. म्हणाला, मुलगी टक लावून पटाकडे बघते त्याची सवय नाही. डिसेंबरात वेरिटी एक डाव हरली, तो स्वतःच्या घाईने. तिला त्या दिवशी खरोखरच सर्दी होती, पण तिने नाकही पुसलं नाही.

पाच सामन्यांत चार गुण. आणि आश्चर्य म्हणजे मार्लशरही जिंकत होतं. बॅगशॉंच्या मते याचं कारण होतं टेबलांची दिशा. त्यांनी यंदा टेबलं खिडकीला आडवी लावली होती. दुसऱ्या पटावर खेळणारे डेस्मंड ट्रिग, लॅटिनचे निवृत्त मास्तर, तोंडातला न पेटवलेला पाइप काढून म्हणत, "दिशा, लायोनेल. दिशाच." सोळाव्या पटावरून दर वेळी गुपचूप एक गुण येतोय, तीन सामने आपण एकाच गुणाने जिंकलोय, हे गणित दोघांनाही झेपण्यासारखं नव्हतं.

मार्चमधला शेवटचा सामना लिटल पेनफोल्डच्या सभागृहात, थॉर्नशरविरुद्ध. थॉर्नशर म्हणजे नदीपलीकडचे, गेल्या वर्षीचे विजेते. जिंकलो तर विजेतेपदाची ढाल आपली. बरोबरी झाली तर ती मागच्या विजेत्यांकडेच राहणार, असा नियम. वेरिटीला ढालीचं फारसं नव्हतं. तिला पाचवा गुण हवा होता.

तिच्यासमोर आला आयव्हर पेल, बेकरीची गाडी चालवणारा, पन्नाशीचा, हाताला पावाचा वास. वडिलांची चौकशी न करता त्याने हात पुढे केला, तेव्हाच वेरिटीला तो जरा संशयास्पद वाटला.

साडेतीनला पिंप फुसफुसलं. वेरिटीने खेळी केली, घड्याळाचं बटण दाबलं आणि चहाला गेली. बत्तीस कप. साखर किती, दूध आधी की नंतर, या कपाचा कान तुटलाय. पंचवीस मिनिटांनी परत आली तर पेल हात मांडीवर ठेवून बसलेला, आणि घड्याळ चालू होतं ते त्याचं. उत्तराची खेळी त्याला केव्हाच सुचली असणार. ती करून बटण दाबलं असतं तर वेरिटीचा वेळ गेला असता.

"तुम्ही खेळला का नाहीत?" तिने विचारलं.

"तू चहा करत होतीस," पेल म्हणाला. जणू याहून जास्त काही सांगण्यासारखं नव्हतंच.

त्या पंचवीस मिनिटांनीच घोळ केला. सहा वाजले तेव्हा पंधरा पट संपले होते, साडेसात-साडेसात. सोळावा अर्धा राहिला होता. तिच्याकडे दोन प्यादी कमी होती, पण एक प्यादं कडेने थेट शेवटून तिसऱ्या घरापर्यंत पोचलं होतं. त्याच्या वाटेवर पेलचा उंट लांबून नजर ठेवून होता. वेरिटीला पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. घोडा मधल्या घरात टाकून शह द्यायचा, बरोब्बर उंटाच्या वाटेत. उंटाने घोडा खाल्ला तर आपलं प्यादं उंटाला खातं. नाही खाल्ला तर उंटाची वाट बंद. दोन्हीकडून कडेचं प्यादं वजीर होतं, आणि पेलचा काळा राजा इतका लांब की त्याने पळत यावं म्हटलं तरी बस चुकलेली.

वेळ संपली की डाव खेळाडूंचा राहत नाही, कप्तानांचा होतो. बॅगशॉ आले, ट्रिग आले, मागोमाग आणखी सहा-सात ओव्हरकोट आले. जणू विहिरीत काही पडलंय.

"दोन प्यादी कमी," ट्रिग म्हणाले. मोजता येत होतं तेवढं त्यांनी मोजलं.

बॅगशॉंनी कडेचं प्यादं पुढे सरकवून पाहिलं. उंट आला. दुसऱ्यांदा सरकवलं. उंट पुन्हा आला. तिसऱ्यांदा तेच केलं, आणि उंट तरीही आला याचं त्यांना वाईट वाटलं. सगळं मागे घेताना त्यांनी एक सोंगटी चुकीच्या घरात ठेवली. वेरिटीने ती सरळ करायला हात पुढे केला.

"पटाला हात नाही लावायचा, पोरी. स्थिती मोडेल."

"मोडलीये. ते प्यादं एक घर मागे होतं." तिने श्वास घेतला. "आधी प्यादं नाही. आधी घोडा."

"घोडे आवडायचंच वय हे," बॅगशॉ ओव्हरकोटांना म्हणाले. "माझ्या पुतणीच्या खोलीत भिंतभर आहेत. एकाचं नाव बटरकप."

ओव्हरकोट मनापासून हसले. इतका वेळ पटाकडे बघून काहीच न कळलेल्या माणसांना हसायला मिळालं की ती फार कृतज्ञ असतात. थॉर्नशरच्या कप्तानाने तोवर स्वतःच्या कागदावर विजयाचा दावा लिहूनही टाकला होता. दोन प्यादी जास्त होती ना. बॅगशॉंनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: बरोबरी.

पाचवा गुण वेरिटीच्या डोळ्यांदेखत अर्धा होत होता, तोही इतक्या सुंदर अक्षरात.

"मिस्टर बॅगशॉ," ती म्हणाली, "बरोबरी झाली तर ढाल गेली. विजय मागितला आणि फेटाळला, तरी बरोबरी मिळतेच. मग मागून बघायला आपलं जातंय काय?"

बॅगशॉंनी टोपण लावलं. "आपलं काही जात नाही," ते म्हणाले. "माझं जातं. बावीस वर्षं, पोरी."

ट्रिगनी पाइप काढून मान डोलावली. ढाल काय, येते आणि जाते. आपली तर नुसतीच जाते.

ते निघून गेल्यावर वेरिटी कप धुवायला गेली. धुतले कशाला, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. बत्तीसच्या बत्तीस तिथेच फोडायला हवे होते. पण धुतले. पेल न बोलावता आला आणि फडकं घेऊन पुसू लागला. मी हरलोय हे आमच्या कप्तानाला सांगितलं, तो म्हणाला. कप्तान म्हणाला, गप बस, गाडीत जाऊन बस. मग त्याने विचारलं, "घोडा ना?"

"घोडा," वेरिटी म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने साबणावर ढकललं.

पेलने एक कप दोनदा पुसला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, जन्म कुठला? वेरिटीने सांगितलं, ऑस्टरिजचा. मार्लशरच्या प्रसूतिगृहात तेव्हा रंगकाम चालू होतं, म्हणून आईला नदीपलीकडे नेलं होतं. घरात ही गोष्ट दर वाढदिवसाला निघायची.

"ऑस्टरिज थॉर्नशरमध्ये आहे," पेल म्हणाला. "जन्माच्या काउंटीकडूनही खेळता येतं. क्रिकेटसारखंच. आपलं सांगून ठेवतो." आणि फडकं वाळत घालून तो गाडीत जाऊन बसला.

निवाडा यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत वेरिटीने तो डाव दोनशे वेळा खेळून पाहिला आणि दोनशे वेळा जिंकला. तरीही, पंचच काहीतरी करेल, अशी एक वेडी आशा तिला होती. नियम माहीत असूनही होती.

मोसमअखेरचं जेवण एका पबच्या वरच्या मजल्यावर, शनिवारी दुपारी. मांस भरलेला पाई, उकडलेले वाटाणे, कस्टर्ड. पंचाचं पत्र बॅगशॉ कधीच आधी उघडत नसत. फेटाळला जाण्याची भीतीच नाही, तर उघडायचं कशाला? ते सगळ्यांसमोर लोण्याच्या सुरीने फोडायचं आणि मोठ्याने वाचायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यांनी फोडलं.

"'सोळावा पट. काळ्याचा विजयाचा दावा फेटाळला. पांढऱ्याचा बरोबरीचा दावा मान्य.'"

टाळ्या झाल्या. ढाल गेल्याबद्दलच्या टाळ्या. बॅगशॉंनी किंचित मान झुकवली. खरं तर तिथेच थांबायचं, पण माणूस एकदा स्वतःच्या आवाजावर स्वार झाला की उतरत नाही. "'पांढऱ्याने विजय मागितला असता, तर मला तो द्यावा लागला असता. घोडा मध्यावर शह देऊन उंटाची वाट अडवतो आणि कडेचं प्यादं वजीर होतं. सोळाव्या पटावर हे सुचलं नसल्यास समजू शकतो. कप्तानासही सुचू नये, याचं मात्र...'"

इथे आवाज बसला. कस्टर्डवर साय धरत होती, तीही ऐकू आली असती. ओव्हरकोट वाटाण्यांकडे बघू लागले. ट्रिगनी पाइप तोंडात घातला, उलटा.

आता काहीतरी होईल, असं वेरिटीला वाटलं. एवढ्या मोठ्या माणसाला निदान लाज वाटेल. बॅगशॉंनी कागद चार घड्या करून खिशात ठेवला, घोटभर पाणी घेतलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"मान्य," ते म्हणाले. "लिहिलंय तसं. मान्य. बावीस वर्षं, मंडळी." आणि पेला उचलला.

मंडळींनीही उचलले.

त्या क्षणी वेरिटीच्या मनातली आशा गेली, आणि तिच्या जागी जे आलं ते फार हलकं, फार छान होतं. आपण इतके महिने या माणसांनी आपल्याला वर घ्यावं म्हणून झुरत होतो! ती उठली. चहाचा डबा तिच्याकडेच असे, मार्लशरचं नाव कोरलेला, पत्र्याचा. तिने तो बॅगशॉंच्या कस्टर्डशेजारी ठेवला.

"माझे गुण किती झाले, मिस्टर बॅगशॉ?"

"साडेचार. छान आहेत. पण शब्द पाचाचा होता." त्यांनी हळहळल्यासारखं केलं. "नियम म्हणजे नियम, पोरी."

"हो ना. माझा जन्म ऑस्टरिजचा आहे. ऑक्टोबरपासून मी थॉर्नशरकडून खेळणार. नियम म्हणजे नियम."

बॅगशॉंनी तिच्याकडे पाहिलं, ट्रिगकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. सहा महिन्यांत प्रथमच ते खरोखर काहीतरी विचार करताना दिसत होते. कपाळावर आठ्या, ओठ पुढे. ही खेळी ते कितीही वेळा मागे घेऊन पाहणार असले तरी उंट येणार नव्हता. सगळं टेबल वाट बघत होतं.

"बरं, पण," ते शेवटी म्हणाले, "पिंपात चहाचे चमचे किती टाकायचे?"

वेरिटी तोवर कोट घालून दारापर्यंत पोचली होती.

"अंदाजाने दावा करा," ती म्हणाली. "तुमचा कुठे फेटाळला जातो."