नकाशात नसलेली पायरी

मित्रांनो, आमच्या स्टेशनच्या मागच्या बाजूला सात पायऱ्या आहेत. त्यातली खालून तिसरी, मधोमध खोलगट झालेली, ती मी. म्हातारी आहे, झिजलेली आहे, पण कुणाची कीव नको मला. कीव करायचीच असेल तर पुढच्या पोर्चची करा. तो बिचारा अजून कोराच्या कोरा आहे.

का कोरा, ते सांगते. स्टेशन बांधलं तेव्हा या बाजूला विटांचा कारखाना होता आणि त्या बाजूला मालकाचा बंगला. स्टेशननं तोंड कुठं केलं असेल? बंगल्याकडे! खांब, कमान, घड्याळ, सगळा थाट तिकडे. आणि रोज गाडीनं ये-जा करणारे चारशे कामगार चिखलाचा चढ चढून, तारेच्या कुंपणाखालून वाकून फलाटावर यायचे. एकदा एक बाई घसरली, तिचा हात मोडला. मग रूळ सांभाळणाऱ्या गँगमननी पोर्चचे उरलेले दगड उचलले आणि जेवणाच्या सुट्टीत आम्हाला बसवलं. रोज एक पायरी, डबे अर्धे टाकून. अर्ज नाही, मंजुरी नाही, फीत कापणं नाही. म्हणून आम्ही नकाशात नाही.

पुढे कारखाना गेला, त्या जागी हॉस्पिटल आलं, घरं आली. बंगला ओस पडला. पूर्वी स्टेशनमास्तर हातानं दांडा ओढून सिग्नल द्यायचे, गाडीला हिरवा झेंडा दाखवायचे. आता सिग्नल कुठल्याशा लांबच्या खोलीतून मिळतो, गाडी आल्याचं भोंग्यातली बाई सांगते, तिकीट यंत्र देतं आणि यंत्र का बंद आहे याची उत्तरं मास्तर देतात. माझं काम मात्र तेच. पाय झेलायचे.

मागच्या वर्षी कागद आला. या स्टेशनवर माणसं कमी असतील तर गाड्या थांबणार नाहीत. तीन दिवस मोजणी. मोजणीसाहेब आले, पोर्चमध्ये टेबल टाकून बसले. हातात छोटं यंत्र. माणूस दारातून आत आला की अंगठ्यानं कळ दाबायची, आकडा एकनं पुढं. पहिल्या दिवशी आकडा झाला बेचाळीस. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस. फलाटावरची गर्दी त्यांना दिसत नव्हती असं नाही. पण हुकूम दारातून येणारी माणसं मोजायचा होता, आणि हुकमापुढे डोळे मिटून घ्यायची सवय असते काही लोकांना.

वीस वर्षं मला झाडणाऱ्या झाडूवाल्या मावशीला राहवलं नाही.

"साहेब, घरातली माणसं मागच्या दारानं येतात. तुम्ही पाहुण्यांच्या दारात बसलाय."

"नकाशात दार एकच आहे."

"मग नकाशाला सांगा, रोज इथं झाडू मारायला."

"मावशी, गप्प बसा हो," मास्तर कळवळले. "माझी बदली होईल."

"गाडीच थांबली नाही तर तुम्ही तरी इथं काय, कबुतरांना झेंडा दाखवणार?"

साहेब भडकले. "विनापरवाना जिना! उद्या संध्याकाळी पत्रा ठोकून बंद करतो."

त्या दिवशी मावशी माझ्यावर ठाण मांडून बसली. येईल त्याला एकच सांगणं, "उद्या वळसा घालून पुढून या. दहा मिनिटं लवकर निघा." हॉस्पिटलातली आया गुडघ्यांनी बेजार. ती म्हणाली, "अगं, माझे गुडघे तुझ्या नावानं शंख करतील."

"करू देत. गाडी थांबायची बंद झाली तर चार किलोमीटर चालत करतील."

तिसऱ्या दिवशी माझ्यावर एक पाऊल पडलं नाही. जन्मात पहिल्यांदा. पण पोर्चच्या बाजूनं जो गलका उठला, तो माझ्या दगडापर्यंत पोचला. टेबल ढकललं गेलं, साहेबांची खुर्ची भिंतीला चिकटली. आया लंगडत आली आणि म्हणाली, "नीट मोजा हं. गुडघे वेगळे धरा." यंत्राला आकडे तीनच. नऊशे नव्याण्णवनंतर ते शून्यावर आलं.

"शून्य झालं, साहेब," मावशी म्हणाली. "करा परत सुरू."

संध्याकाळी साहेब आले. सोबत पत्रा नव्हता. माझ्या खोलगट भागात त्यांनी तळहात ठेवला. मग खिशातून पेन्सिल काढली आणि नकाशावर सात रेघा ओढल्या.

गाड्या थांबतात. आणि त्या आनंदात रेल्वेनं काय केलं? पोर्चला रंग दिला! आमच्या जिन्याला कठडा नव्हता, अजून नाही. आया भिंतीला हात टेकत चढते. तिच्या तळव्याचा काळा पट्टा भिंतीवर उमटलाय.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणीतरी साहेब होईल. हातात असंच यंत्र येईल. तेव्हा टेबल कुठं मांडताय ते बघा. दगड कुठं झिजलाय ते आधी बघा. आणि सगळ्यात आधी त्या आयाला कठडा द्या. मला काही नको. मी आणखी झिजेन. आणि पुन्हा कुणी पत्रा ठोकायला आलाच, तर त्यालाही माझ्यावर पाय ठेवूनच वर यावं लागेल.