मेल्या, जेवलंस?

लालबागहून परळपर्यंत चालत येताना आकांक्षाने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेजारी आई ठेवणीतली चॉकलेटी साडी नेसून, चापूनचोपून तयार होऊन चालली होती. लेकीला बक्षीस मिळालं होतं ना! आकांक्षाचा दादा विनीत गेल्यापासून दोन वर्षांत आई कुठल्या कार्यक्रमाला गेली नव्हती. आज आपणहून निघाली, आणि नेमकी तीच पंचाईत होती.

झालं होतं असं. परळमध्ये चाळीतल्या संसाराचं एक छोटं संग्रहालय आहे. पितळी डबे, पाटे-वरवंटे, पत्र्याच्या ट्रंका, सगळं मांडून ठेवलेलं. तिथल्या दुकानात विकायला टी-शर्ट हवे होते, म्हणून त्यांनी स्पर्धा काढली: तुमच्या घरातलं एक वाक्य घ्या आणि त्याचं डिझाइन करून पाठवा. आकांक्षाने ऑफिसात बसल्या बसल्या पाठवलं. वाफाळणारा भाताचा टोप आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘मेल्या, जेवलंस?’

वाक्य आईचं. विनीत दारात चपला काढायच्या आत ते त्याच्या अंगावर पडायचं. आणि मालवणी घरात ही काही शिवी नव्हे हो, ही माया. ज्याला गोडगोड बोललं जातं तो परका समजावा. आकांक्षालाही आई उठता-बसता ‘मेल्ये’ म्हणायची. मग शिवडीच्या रस्त्यावर एका ट्रेलरने विनीतची बाईक उडवली, आणि त्या दिवसापासून तो शब्द घरातून गेला. आई आता तिला ‘आकांक्षा’ म्हणायची, शाळेतल्या बाई हजेरी घेतात तशी. आकांक्षाला ते सोसायचं नाही. पण आईला आठवणींचा त्रास होत असणार, म्हणून ती गप्प राहायची.

डिझाइन पाठवताना ती मनात म्हणाली होती, एवढ्या लोकांत आपलं कोण निवडतंय! निवडलं ना! वर संग्रहालयाच्या मनवाताईंनी घरी फोन लावला, तो आईनेच उचलला. “मावशी, तुमचंच वाक्य आहे, तुम्ही यायलाच हवं.” कुठलं वाक्य ते मात्र सांगितलं नाही. सरप्राइज म्हणे. डोंबलाचं सरप्राइज!

“खंयचा वाक्य गे?” आईने फाटकाशी विचारलं.

“आई, आपण परत जाऊया का?”

“शाणी आसस. चलान इलंव ता परत जावक?”

आत पाऊल टाकायच्या आधी सांगून टाकायचं, मग होईल ते होईल, असं आकांक्षाने ठरवलं. “आई, ऐक ना, ते वाक्य...”

तेवढ्यात दार उघडलं. दुकान सांभाळणारा पुष्कर हसत समोर आला. विनीतच्याच वयाचा, तशीच वाढवलेली दाढी, आणि छातीवर तोच टोप, तीच अक्षरं.

“या, या मावशी! बघा, पहिला मीच घातला!”

आई अक्षरं लावून लावून वाचते. तिचे ओठ हलले. आता ही रडेल, नाहीतर मटकन खाली बसेल, म्हणून आकांक्षाने तिचा दंड घट्ट धरला. आईने तो झिडकारला आणि पुष्करचा टी-शर्टच मुठीत पकडला.

“काढ.”

“अं?”

“काढ तो! आदी काढ! तुझी आवस, आई तुझी, आसा मा घरात? काढ म्हणतंय ना!”

चहाचे कप हातात घेतलेली माणसं वळून बघायला लागली. मनवाताई धावत आल्या. “मावशी, काय झालं? आवडलं नाही का?” पुष्करने एकदा आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने शर्ट डोक्यावरून ओढून काढला. भर कार्यक्रमात बिचारा गंजिफ्रॉकवर उभा! आकांक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने शर्टाचा बोळा करून पोटाशी धरला.

“त्या दिवशी सकाळी भांडान गेलो तो,” ती म्हणाली. “मीच म्हटलंय, जा मेल्या, तोंड दाखव नको माका. वास्तू तथास्तु म्हणता. नाय दाखवल्यान. माझ्या तोंडान गेलो माझो झील.” मग ती लेकीकडे वळली. “आणि तू ह्या लोकांच्या पोरांच्या छातीर लिवतंस?”

दोन वर्षं आकांक्षा याला नुसतं दुःख समजत होती. ही बाई दोन वर्षं स्वतःच्या जिभेला घाबरून जगत होती, आणि लेकीला नावाने हाक मारत होती ती तिला जपायला.

“आपण हे डिझाइन मागे घेऊया,” मनवाताई हळू आवाजात म्हणाल्या. “चालेल ना, आकांक्षा?”

बक्षीस गेलं खड्ड्यात, त्याचं काय एवढं! हो म्हटलं की सुटका होती. पण हो म्हटलं असतं तर आईचं म्हणणं खरं ठरलं असतं, आणि पोराला आपणच मारलं असं समजत ती उरलेलं आयुष्य काढणार होती.

“नाही,” आकांक्षा म्हणाली. “आई, माझ्याकडे बघ. मला काय म्हणायचीस तू? दूध उतू गेलं, मेल्ये. उशीर झाला, मेल्ये. मला टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसून, मेल्ये डोळे उघड, मेल्ये डोळे उघड. दादापेक्षा जास्त मला म्हणायचीस. मग मी कशी जिवंत आहे? बोल ना आई, मी कशी गं आहे?”

आई बघतच राहिली. शर्ट तिच्या हातातून कधी पडला ते तिला कळलं नाही. पुढे येऊन तिने लेकीचं कपाळ चाचपलं, गाल चाचपले, कान चाचपले. गळ्यातून आधी हुंदका आला, आणि पाठोपाठ सणसणीत राग.

“मेल्ये, ह्या माका आदी सांगूक तुका काय झाला हुता?”

आकांक्षा तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

पुष्करने हळूच वाकून शर्ट उचलला. एसीत त्याच्या दंडांवर काटा आला होता. “मावशी,” त्याने भीत भीत विचारलं, “घालू?”

आईने पदराने नाक पुसलं.

“घाल,” ती म्हणाली. “थंडी लागात.”