सुनेचं रक्त चालंल

आमच्या सासूबाई, मनकर्णाबाई, माती खातात हे अर्ध्या खुलताबादला माहीत होतं. परसातल्या कच्च्या भिंतीचे पोपडे काढायचे आणि कुणी बघत नाही असं समजून तोंडात टाकायचे. मी ओरडले की म्हणायच्या, "तू नाय का दिवसभर कच्चे तांदूळ चावीत बसती?" आता निवडता निवडता मूठभर तांदूळ तोंडात जाणं आणि भिंत खाणं, यात काही फरक आहे की नाही?

परवा त्या न्हाणीच्या दारात बसल्या त्या उठेचनात. ओठ पांढरेफटक, बोलताना धाप. मी आणि माझा नवरा गोकुळ, आम्ही त्यांना गाडी करून संभाजीनगरला सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टर मनस्विनीबाईंनी तपासलं. हिमोग्लोबिन चार निघालं, हवं होतं बारा. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की पन्नाशी उलटली तरी पाळी गेलेली नाही आणि तीन वर्षांपासून अंगावरून फार जातंय.

"बायकांचं असतंच की," सासूबाई म्हणाल्या.

एका घरात राहून मला पत्ता नाही. असा राग आला की विचारू नका.

"मातीनंच झालं ना हे?" मी डॉक्टरांना विचारलं.

"बहुतेक उलटं आहे. अंगातलं लोह कमी झालं की असलं काहीबाही खावंसं वाटतं." मग म्हणाल्या, "आजच रक्त चढवावं लागेल, नाहीतर हृदय दमेल. पण तेवढ्यानं भागणार नाही. रक्त का जातंय ते शोधून थांबवायला हवं. गळका माठ किती भरणार?"

गोकुळ लगेच बाही वर करायला लागला. सासूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं.

"लेकराचं रक्त आईनं प्यायचं? मेले तरी चालंल."

"मुलाचं रक्त आईला आम्ही सहसा देतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जवळच्या नात्यातलं कधीकधी बाधतं. तुम्हाला रक्तपेढीतलं मिळेल, कुणा अनोळखी माणसाचं."

"अन् त्याच्या बदल्यात ह्याचंच घेणार ना?"

"बदल्यात काही नको, आजी."

पण फुकट काही मिळतं यावर सासूबाईंचा जन्मात विश्वास नाही. तासभर समजावलं. बाई हलेना. धाप मात्र वाढत होती, आणि मला भीती वाटायला लागली.

"बदल्यात मी देते," मी म्हणाले.

त्यांनी विचार केला. "सुनेचं चालंल."

चालणारच. माझं रक्त आटवायची त्यांना पंधरा वर्षांची सवय.

मी ऐटीत रक्तपेढीत गेले. तिथल्या माणसानं बोटाला टोचलं आणि रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो बुडायला हवा होता. जरासा खाली गेला आणि वर येऊन तरंगत राहिला. त्यानं पुन्हा एक थेंब सोडला, तोही तसाच.

"तुमचंच कमी आहे, ताई. तुमचं घेता येणार नाही. आधी तपासून घ्या."

दोन हंडे एका दमात विहिरीवरून आणणारी मी! परत येताना ठरवलं, दिलं म्हणून सांगायचं. एवढ्या खोट्यानं म्हातारी जगत असेल तर जगू दे.

"दिलं," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझा हात धरून उलटा-सुलटा केला. "बोटाला कापूस हाय. दंडाला का नाय?"

मी हात मागं ओढला.

"तांदूळ," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांकडं वळल्या. "आधी हिला लावा बाटली."

डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला पाठवलं. नऊ आलं. "यांना गोळ्या पुरतील," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "काही महिने रोज घ्यायच्या. चहासोबत मात्र नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. तुम्हालाही गोळ्या देणारच आहे, पण त्यांना वेळ लागतो, आणि तुमच्याकडं तेवढा वेळ नाही."

"चहाबिगर ही पानी सुदिक पीत नाय," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनी आपणहून हात पुढं केला.

"लावा. हिच्या गोळ्यांवर नजर ठिवाया घरात कुनीतरी जितं पायजे."

मी पटकन खिडकीकडं वळले. रडताना बघितलं असतं, तर वर्षभर ऐकवलं असतं.