रीबूटच्या शेजारचं बटण

क्लिंट हॅरॅप ब्रिस्बेनहून आला की पहिल्याच दिवशी बजावतो, "मला सर म्हणायचं नाही. नुसतं क्लिंट." कुणी खरंच क्लिंट म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. सुवा शहरातल्या आमच्या संगणक-प्रशिक्षण केंद्रात तो वर्षातून दोनदा लिनक्स शिकवतो. शिकवतो म्हणजे स्वतःचे पराक्रम सांगतो. लॅब सांभाळतो मी. एकाच दणकट सर्व्हरच्या पोटात मी बारा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातले संगणक, उभी केली आहेत. शिकणाऱ्यांनी ती खुशाल मोडावीत. मी प्रत्येकाचा स्नॅपशॉट घेऊन ठेवतो, मशीन पुन्हा त्या क्षणाला नेता येतं. यातलं हॅरॅपला फक्त "मोडा" एवढंच कळलंय.

यंदा परीक्षेला मकेरेताताई बसली होती. वय त्रेचाळीस, बेटांवर जाणाऱ्या बोटींच्या कचेरीत कारकून. तिथे संगणक सांभाळायची जागा निघाली होती. शुक्रवारी प्रमाणपत्र दाखवलं तर जागा तिची, नाहीतर साहेबाच्या भाच्याची. त्या भाच्याला संगणक चालू करता येतो, बंद करायला माणूस लागतो.

परीक्षा अशी: मुद्दाम बिघडवलेलं मशीन दोन तासांत दुरुस्त करायचं. मग परीक्षक ते रीबूट करणार. परत चालू झाल्यावर जे टिकलं असेल त्याचेच मार्क.

ताईने पाऊण तास आधीच हात वर केला. मी माझ्या पडद्यावर पाहिलं होतं, सगळं चोख चाललं होतं. हॅरॅप फोनवर रग्बीच्या गप्पा मारत आला, परीक्षकाच्या पडद्यावर दोनदा टिचक्या मारल्या. मशीन पुन्हा चालू झालं ते जसंच्या तसं बिघडलेलं.

"गेलं सगळं!" त्याला काय आनंद झाला. "दुरुस्त केलंत बाई, पण कायमचं केलं नाहीत. नापास."

"कायमचंच केलं होतं," ताई म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

ताईचं मशीन स्वतःच ठेवतं ती नोंदवही मी उघडली. रीबूट झालं तरी ती पुसली जात नाही. सकाळपासूनचं सगळं दिसायला हवं होतं. आत्ताचं चालू होणं सोडलं तर शेवटची नोंद मात्र मंगळवारची, मी स्नॅपशॉट घेतला तेव्हाची. आज गुरुवार.

"क्लिंट, तुम्ही रीबूट केलंच नाहीत. स्नॅपशॉटवर मागे नेलंत. ते बटण अगदी शेजारी आहे."

"शलविन, मी वीस वर्षं हे करतोय."

"मग एकविसाव्या वर्षी वाचून करा. मशीनने विचारलं, आत्ताचं सगळं जाईल, खात्री आहे का? तुम्ही हो म्हणालात."

"अरे, ते दर वेळी विचारतं!"

"रीबूट कधीच विचारत नाही."

मग त्याचं वाक्य माझ्या डोक्यात अडकलं: दर वेळी. ही परीक्षा सुरू झाली मागच्या खेपेला. तेव्हा सात जण बसले, सातही नापास. आपला पेपर किती कडक, म्हणून हा महिनाभर मिरवत होता. मी एकाचीही नोंदवही उघडून पाहिली नव्हती.

"मला पाऊण तास द्या," ताई म्हणाली. "माझाच उरलेला आहे."

तिने तेच काम पस्तीस मिनिटांत पुन्हा केलं. हॅरॅपने माऊसकडे हात नेला तसा तिने तो उचलून आपल्याकडे ठेवला. "राहू दे. रीबूट मी करते, तुम्ही नुसतं बघा." मशीनने काही विचारलं नाही. परत आलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. हॅरॅपने कागदावर सही केली आणि वर म्हणाला, "बघा, दुसऱ्यांदा जास्त नीट जमलं." असल्या माणसाला लाज शिकवायला वेगळी लॅब लागेल.

मी ताईचं अभिनंदन करायला गेलो. ती कागद घडी करून पर्समध्ये ठेवत होती.

"त्या सातांत माझा इलियासा होता," ती म्हणाली. "धाकटा भाऊ. नापास होऊन निघाला तेव्हा तू दारात उभा होतास. काय म्हणालास त्याला, आठवतंय?"

आठवत होतं. तुझ्या डोक्यातच काही टिकत नाही, असं म्हणालो होतो, आणि हॅरॅप खो खो हसला होता.

"त्यानंतर त्याने पुस्तक उघडलं नाही," ती म्हणाली. तिने नंबर लावून फोन माझ्यापुढे धरला. "घे. आता सांग त्याला."

पलीकडे घंटी वाजत होती.